राखणीचा बेहडा

मित्रांनो, मी एक म्हातारी ककणेर आहे. शिकलेली माणसे आम्हांला धनेश म्हणतात, पण आमच्या सुपा तालुक्याच्या रानात आम्ही ककणेरच. माझ्या पिवळ्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखे शिंग आहे. त्याची कड आता झिजली आहे, आणि लांब उडाले की डावा पंख दुखतो. पण डोळे शाबूत आहेत आणि आठवण त्याहून शाबूत आहे.

कुंभारवाडा गावाच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. दहा-बारा घरे, खाली भाताची खाचरे, आणि वाडीच्या डोक्यावर देवाचे रान. त्या रानात कुणी कुऱ्हाड चालवत नसे. त्याच्या पोटातून एक झरा निघतो आणि वाडीची खाचरे भिजवतो. या रानाच्या मधोमध एक जुना बेहडा उभा आहे. चार पुरुष उंचीवर त्याला ढोली आहे. त्या ढोलीत मी माझी सगळी पिल्ले वाढवली.

आमची रीत जरा वेगळी आहे. थंडी सरू लागली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. आत माझी पिसे झडतात, मला उडता येत नाही. तीन-साडेतीन महिने नर दिवसातून अनेकदा येतो आणि गळ्यात साठवून आणलेली फळे एकेक करून फटीतून देतो. तो आला नाही तर आतली मादीही उपाशी आणि पिल्लूही. माझा जोडीदार एकाही दिवशी चुकला नव्हता. उंबराच्या फळात पिकलेले कोणते आणि किडके कोणते, हे त्याला लांबून कळे.

मी तरुण होते तेव्हा दूर कुठेतरी मोठे युद्ध चालू होते. लाकडाची मागणी फार वाढली होती. ओढ्यापलीकडच्या रानात एका ठेकेदाराची माणसे उतरली आणि सकाळपासून करवतींचा आवाज येऊ लागला. माझ्या बहिणीची ढोली त्या बाजूला होती. त्या वर्षानंतर ती मला कधी दिसली नाही.

त्याच वर्षी माझ्यावरही घाला आला, पण तो करवतीचा नव्हता.

वाडीत झिलू नावाचा शिकारी होता. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती. त्याची आई काशी म्हातारी गुडघ्यांनी अंथरुणाला खिळली होती, आणि ककणेरीचे तेल चोळले की गुडघे सुटतात असा लोकांचा समज होता. एका सकाळी माझा जोडीदार उंबरे घेऊन बेहड्याकडे येत होता. मी फटीतून त्याला पाहत होते. पिल्लू दोनच दिवसांपूर्वी अंड्यातून बाहेर आले होते. बार झाला. तो फांदीवर बसता बसताच खाली कोसळला.

आवाज ऐकून पुतळी धावत आली. पुतळी म्हणजे झिलूची भावजय. नवरा हिवतापाने गेलेला, सासू आणि दीर यांचा संसार ती ओढत होती. त्या सकाळी ती रानात कंदमुळे खणायला आली होती.

"काय मारलंस रे झिलू? आनी देवाच्या रानात?"

"ककणेर हाय वैनी. आईच्या गुडघ्याला तेल पायजे न्हवं?"

पुतळीने माझ्या जोडीदाराला उचलले. त्याची मान खाली लोंबली आणि चोचीतून एक उंबर घरंगळले, मग दुसरे, मग तिसरे. ती फळे हातात धरून बघत राहिली.

"झिलू, हे त्यानं खाल्लेलं न्हाई. खाल्लं असतं तर पोटात गेलं असतं. गळ्यात राखलंय. कुनाला तरी द्यायला आनलेलं."

तिने मान वर केली. बेहड्यावर नजर फिरवत फिरवत ती माझ्या फटीवर थांबली. मी चोच आत ओढली, पण तिने ती पाहिली होती.

"आत मादी हाय," ती म्हणाली. "पिल्लूबी असंल."

झिलूने बंदूक खाली ठेवली. मग म्हणाला, "आता काय करू वैनी? मेलेलं जित्तं हुतंय व्हय?"

"न्हाई हुयाचं. पन आत जे जित्तं हाय ते आता तुझ्या अंगावर. त्यो आनत हुता, आता तू आनायचं."

मित्रांनो, दुपारपर्यंत झिलूने बांबूची शिडी बेहड्याला बांधली. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या काठीला टोकाशी चीर पाडून त्यात उंबर अडकवले आणि ते फटीशी धरले. मी ते घेतले नाही. त्या हाताला बंदुकीच्या दारूचा वास येत होता. त्या दिवशी घेतले नाही, दुसऱ्या दिवशीही घेतले नाही. तो वर यायचा, हात भरून येईपर्यंत काठी धरायचा आणि मुकाट्याने उतरायचा. तिसऱ्या सकाळी पिल्लाचे ओरडणे अगदी बारीक झाले. तेव्हा मी चोच बाहेर काढली.

मी त्याला क्षमा केली, असे मी म्हणणार नाही. मी पिल्लासाठी उंबर घेतले, एवढेच.

पुढे झिलू शिकत गेला. नुसत्या फळांवर पिल्लू वाढत नाही हे त्याच्या ध्यानात आले, तेव्हा तो टोळ आणि सरडेही आणू लागला. काशी म्हातारीने तर तेल लावून घ्यायलाच नकार दिला. "माझं गुडघं ऱ्हाऊ देत तसंच," ती म्हणाली होती, असे त्यानेच एकदा काठी धरून मला सांगितले. का सांगितले कोण जाणे. कदाचित कुणाला तरी सांगायचे असेल.

असे वीस-बावीस दिवस गेले असतील. एका सकाळी झाडाखाली बुटांचा आवाज आला. ठेकेदाराचा मुकादम अर्जुन आला होता, खानापुराकडचा माणूस. त्याच्या गड्याने बेहड्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा ओढला.

"वर कोन हाय रे? काय करतोस?"

"चारा देतोय," शिडीवरून झिलू म्हणाला.

मुकादम हसला. "पाखराला? लौकर देऊन घे. हितनं नदीकडं गाडीवाट जानार हाय. ही रांग सगळी पडनार, तुझ्या झाडासकट."

झिलू एवढ्या घाईने उतरला, की काठी फटीतच अडकून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वाडी बेहड्याखाली जमली. मी फटीला डोळा लावून होते. उमाजी गावकार, म्हणजे वाडीचा कारभार पाहणारा प्रमुख, आधी बोलला. "आपल्या वाडवडलांची कुमरी सरकारनं बंद केली. डोंगरउतारावर रान भाजून नाचनी पिकवत हुतो, ती शेती गेली. तवा कुनाला काय करता आलं? आता तरी काय करता यील?"

"तवा आपुन नुसतं रडलो, गावकारानू," पुतळी म्हणाली. "हे रान पडलं की झरा आटनार. झरा आटला की खाचरं गेली. मग ह्या वाडीत ऱ्हायचं कशाला? आनी वर बघा. तिचा दादला आमच्याच घरानं मारलाय. ती आत कोंडलेली हाय. तिच्यावर आता झाडबी पाडायचं?"

तेवढ्यात मुकादम चार कुऱ्हाडवाले घेऊन आला. पुतळी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मुकादम, कागदात वाट हितनंच लिवलीय व्हय?"

"कागदात झाडं लिवल्यात, अक्का, आनी ती वड्यापल्याड. वाट कुठनं काढायची ते माझ्यावर हाय. गाड्या नदीवर पोचल्या की झालं."

"मग टेकाडाला वळसा घालून न्या."

"तिकडं खडक हाय. माझी मानसं करवतीला लागल्यात. खडक कोन फोडनार?"

"आमी."

उमाजीने तिच्याकडे पाहिले. शेतीच्या तयारीचे दिवस होते, बांध घालायचे होते, पालापाचोळा भाजायचा होता.

"किती दिवसांत?" मुकादमाने विचारले.

"धा."

"धा दिवस मी थांबतो. अकराव्या दिवशी गाडी त्या वाटेनं गेली न्हाई, तर ही रांग पाडनार. मग माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत."

"न्हाई मोडनार," पुतळी म्हणाली आणि तिथूनच कुदळ आणायला वळली.

मित्रांनो, ते दहा दिवस मी डोळ्यांनी पाहिले नाहीत, कानांनी ऐकले; उरलेले झिलूने काठी धरून सांगितले. पहाटे फटफटले की पहारींचा आवाज सुरू व्हायचा. बायका घमेल्यांनी मुरूम वाहायच्या. पहिल्या दिवशी पाच घरांची माणसे गेली, तिसऱ्या दिवशी सगळ्या घरांची. सर्वांत शेवटी उमाजी गेला, आणि मग रोज सर्वांत आधी जाऊ लागला. झिलू सकाळी मला चारा देई, दिवसभर खडकावर राबे, आणि ऊन उतरले की पुन्हा चारा घेऊन येई. त्याच्या तळहातांना फोड आले होते.

आठव्या दिवशी कामाचा आवाज थांबला. वाटेत एक मोठा धोंडा आला होता. बाजूला दरी, त्यामुळे वळवायला जागा नाही. लाकडे पेटवून त्यांनी तो तापवला, वर पाणी ओतले. एक भेग पडली, पण धोंडा हलला नाही. नववा दिवसही त्यातच गेला. त्या दिवशी ऊन उतरताना झिलू चारा घेऊन आला तेव्हा पुतळी झाडाखाली उभी होती.

"वैनी, माझ्याकडं बंदुकीची दारू हाय. वर्साची साठवलेली. भेगंत ठासून बघतो."

"मग बंदूक?"

"बंदुकीला आता काय काम?"

दहाव्या दिवशी सकाळी टेकाडामागे मोठा बार झाला. मी दचकले. त्या आवाजाचा अर्थ माझ्यासाठी एकच होता. पिल्लू माझ्या पोटाखाली शिरले. पण या वेळी बारापाठोपाठ माणसांचा गलका ऐकू आला. संध्याकाळपर्यंत दगड दरीत लोटण्याचा गडगडाट चालू होता.

अकराव्या दिवशी ओंडके भरलेली पहिली बैलगाडी टेकाडाला वळसा घालून नदीकडे गेली. मुकादमाने दिलेला शब्द पाळला. बेहड्यापाशी येऊन त्याने बुंध्यावरचा चुना स्वतःच्या हाताने खरवडला. म्हणाला, "अक्का, माझ्या मानसांनी ह्यापेक्षा वाईट वाट काढली असती."

उन्हाळ्याच्या अखेरीस माझे पिल्लू तयार झाले. मी आतून लिंपण फोडले आणि बाहेर आले. नवी पिसे जड वाटत होती. थोड्या वेळाने पिल्लूही बाहेर डोकावले, धडपडले आणि उडाले. झिलू खाली उभा होता. त्याने दोन्ही हात जोडले. मी त्याच्या डोक्यावरून उडून गेले, थांबले नाही.

पुतळीचे काम मात्र तिथे संपले नाही. "एकदा राखलं म्हंजे राखलं असं न्हाई," ती म्हणायची. तिने वाडीची राखण उभी केली. रोज एका घराची पाळी. ज्याची पाळी, त्याने राखणीची काठी घेऊन रानाला फेरी मारायची आणि ती शेजारच्या घरी द्यायची. रानात बंदूक न्यायची नाही. उंबर, वड, जांभूळ कुणी तोडायचे नाहीत. उन्हाळ्यात रानाच्या कडेने पाला झाडून पट्टा मोकळा ठेवायचा, म्हणजे वणवा आत येत नाही. या कामाचे कुणी कुणाला काही देत नसे. शेजारच्या वाड्यांतून माणसे बघायला आली. पुतळी अनवाणी त्यांच्या वाड्यांत गेली आणि तिथेही काठ्या दिल्या. चार-पाच पावसाळ्यांत पाच वाड्यांची राने राखणीखाली आली. पुढे मला दुसरा जोडीदार मिळाला तो त्यांतल्याच एका रानातला.

पण माणसे थकतात, मित्रांनो. काही वर्षांनी काठी एकाच घराच्या कुडाला महिनाभर टेकून राहिली. कुणीतरी कडेचा एक उंबर पाडला. पुतळीचे केस तेव्हा पांढरे झाले होते. ती कुणाला रागावली नाही. तिने काठी उचलली आणि एकटीच रोज फेरी घालू लागली. आज एका घराची पाळी, उद्या दुसऱ्या घराची, सगळ्या पाळ्या तीच. विसाव्या दिवशी शेजारची फुला, नुकती लग्न होऊन आलेली पोर, तिच्या वाटेत उभी राहिली.

"आज आमची पाळी हाय, अक्का. काठी द्या."

"सासूनं पाठवली?"

"न्हाई. मीच आले."

दुसऱ्या दिवशी फुलाने काठी पुढच्या घरी नेऊन दिली, आणि त्या घराला ती घ्यावी लागली.

पुतळी दोन पावसाळ्यांमागे गेली. तिच्यानंतर पाच वाड्यांच्या माणसांनी बसून ठरवले, की राखणीची प्रमुख फुला. काही म्हाताऱ्यांना ते रुचले नाही. उमाजी गावकार तेव्हा काठीच्या आधाराने आला होता. तो म्हणाला, "बाई सांगती म्हनून मी एकदा उशिरा गेलो. परत उशीर करायचा न्हाई."

मित्रांनो, मी आता ढोलीत बसत नाही. माझे वय झाले. मी जिथे जिथे फळे खाल्ली आणि बिया टाकल्या, तिथे नवी झाडे वर येत आहेत. एवढे एकच काम मला जमते. बाकीचे काम तुमचे आहे. ते एका दिवसात होत नाही, आणि एकदा करून संपतही नाही. तुमच्या गावातही असे रान असेल. त्याची पाळी कुणाची, ते शोधत बसू नका. झाडावर कुणी चुना ओढलेला दिसला, तर आधी मान वर करून बघा. आत कुणी बसलेले असेल, तर तिला तुम्हांला हाक मारता येणार नाही.