आपणहून दिलेला खुलासा

मला एक खोड आहे. साहेबाने विचारायच्या आत खुलासा देऊन मोकळं व्हायचं. नागपूरला वीज मंडळात बारा वर्षं काढली, तिथे ती लागली. मेमो यायच्या आधी आपला कागद टेबलावर पाहिजे आणि शेवटी ‘झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असे घडणार नाही’ ही ओळ पाहिजे. चूक आपली असो वा नसो. या एका ओळीवर मी तीन साहेब थंड केले. अमेरिकेत अठरा वर्षं झाली, बर्फात गाडी चालवायला शिकलो, खोड काही गेली नाही. तिच्यापायी माझ्या पोरीची नोकरी गेली. बघा, इथेही न विचारताच सांगून टाकलं.

पोरगी म्हणजे उपासना. आम्ही ॲन आर्बरला राहतो आणि ती जवळच्या एका लहान गावात पोलीस होती. ओळखीतल्या काकूंनी नाकं मुरडली, की इंजिनिअरिंग सोडून हे काय भलतंच. मला मात्र आकाश ठेंगणं झालं. माझ्या आजोबांना गावच्या चावडीच्या पायरीखाली उभं राहून बोलावं लागायचं, आणि त्यांची पणती छातीवर बिल्ला लावून फिरत होती. तिचा युनिफॉर्म मी स्वतः इस्त्री करायचो. बायकोला, प्रतिमाला, हात लावू द्यायचो नाही.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये एका गॅस स्टेशनवर तिने दारू प्यायलेल्या एका तरुणाला पकडलं. तो झटापट करत होता. तिने त्याचा हात पाठीमागे पिरगाळला आणि त्याचा खांदा मोडला. लागोपाठ दोन शिफ्ट करून ती दुपारी घरी आली. जेवली नाही. माझ्यासमोर टेबलाशी बसली आणि म्हणाली, “बाबा, त्याने हात ढिला सोडला होता. मला ते कळलं होतं.”

मी म्हटलं, थकली आहेस, झोप. सार्जंटने लिहून मागितलंय म्हणाली, खरडलेला कागद माझ्यापुढे सरकवला आणि सोफ्यावर आडवी झाली. शाळेपासून तिचं लिहिलेलं मीच तपासून टाइप करायचो.

कागदात त्या ढिल्या हाताचा उल्लेख नव्हता. सुरुवातीला मात्र एक ओळ होती. ‘हे निवेदन मी हुकूम झाल्यामुळे देत आहे, आपणहून नाही. न दिल्यास माझी नोकरी जाईल.’ वाचून माझं डोकंच फिरलं. साहेबाला असं लिहितात? हा तर सरळ उद्धटपणा. ती ओळ मी उडवली, आणि शेवटी माझी दिलगिरीची ओळ झोकात घातली. उठल्यावर शिफ्टच्या घाईत तिने न वाचता सही केली आणि गेली. मी स्वतःवर खूश होतो.

महिन्याभराने उपासनावरच फौजदारी खटला उभा राहिला, आणि तिच्या वकीलबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. नोकरी घालवायची धमकी देऊन पोलिसाकडून जे वदवून घेतात, ते फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. आपणहून सांगितलेलं वापरता येतं. म्हणूनच युनियनने प्रत्येकाला ती पहिली ओळ लिहायला शिकवलं होतं. आता तिच्या खात्याचे चीफ म्हणत होते, सार्जंटने हुकूम कुठे दिला, नुसतं विचारलं होतं. आणि सरकारी वकील माझी दिलगिरी कबुलीजबाब म्हणून वाचत होते. पुढे खात्याने तिला रीतसर हुकूम देऊन तीन तास जबाब घेतला, तो कोर्टात चालणार नव्हता. माझा चालणार होता.

सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची कोणावर सक्ती करता येत नाही, हे आपल्या घटनेतलं कलम मीच तिच्याकडून लहानपणी पाठ करून घेतलं होतं. दर सव्वीस नोव्हेंबरला, संविधान दिनाला, आपल्या लोकांच्या मंडळात सगळ्यांसमोर. कलम वीस, उपकलम तीन. पोपटासारखं म्हणायची आणि मी कौतुकाने ऐकायचो.

वकीलबाईंनी आणखी एक बजावलं. आईबापांशी केसबद्दल एक शब्द नाही. बापाला साक्षीला बोलावता येतं, आणि बोलावलं तर खरं सांगावं लागतं. उपासनाने शहाणपणा केला. दुसऱ्या गावात खोली घेतली आणि गेली.

मग रविवारचे फोन. मी उचलला की म्हणायची, “बाबा, बरे आहात ना? आईला द्या.” एवढंच. आईशी ती थंडीबद्दल बोलायची, टायरबद्दल बोलायची. मी शेजारी उभा राहून रिसीव्हरमधून येणारा बारीक आवाज ऐकायचो. मला तिची आठवण यायची, दिवसभर यायची, कामावर बॉयलरचे आकडे टिपतानाही यायची. शनिवारी पाटोडीचा डबा घेऊन तिच्या दाराशी जायचो. ती डबा घ्यायची, मागचा धुतलेला परत द्यायची, आणि दोघं हवेबद्दल बोलायचो. वीस मैलांवर राहणारी पोर मला नागपूरपेक्षा लांब वाटायची.

एकदा न राहवून मी एकटाच वकीलबाईंकडे गेलो. म्हटलं, मला साक्ष देऊ द्या, ती दिलगिरी माझी आहे, माझ्या सवयीची आहे, तिची नाही. त्या म्हणाल्या, जरूर, पण मग पुढचा प्रश्न येईल की त्या दुपारी मुलगी तुम्हाला काय म्हणाली. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला. मला सांगू नका, घरी जा, म्हणाल्या. तेव्हापासून मी ते वाक्य विसरायचा सराव करू लागलो. आरशासमोर म्हणायचो, काही म्हणाली नाही, झोपली.

दीड वर्ष गेलं. जज्जने कागद ग्राह्य धरला. मग तडजोड झाली. तिने नोकरी आणि पोलिसाचा परवाना दोन्ही सोडायचं, सरकारने खटला मागे घ्यायचा. त्या तरुणाच्या वकिलांशीही समेट झाला.

बिल्ला परत करून त्याच दुपारी ती घरी आली. प्रतिमाने जवळ घेतलं, दोघी रडल्या. मग ती माझ्यासमोर येऊन बसली.

“केस इज ओव्हर, बाबा. आता बोलता येतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हणाले होते, आठवतं?”

“नाही गं. काही म्हणाली नाहीस. झोपलीस.”

इतकं सफाईने निघालं की माझं मलाच नवल वाटलं. तिचा चेहरा पडला.

“खात्याला सांगितलं ते ऑर्डर होती म्हणून,” ती म्हणाली. “वकिलाला सांगितलं ते त्यांनी विचारलं म्हणून. तुम्हाला मी आपणहून सांगितलं होतं. इतके दिवस वाटायचं, निदान बाबांना माहीत आहे.”

मी कसाबसा म्हणालो, “त्याने हात ढिला सोडला होता. तुला ते कळलं होतं.”

तिने मान हलवली. दीड वर्षात पहिल्यांदा तिने माझा हात धरला.

“टायलर त्याचं नाव, बाबा. त्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.”

दीड वर्षात मी त्याचं नाव एकदाही विचारलं नव्हतं.