परत आणायच्या सामानात सुकलाल

गोदाबाईचा नवरा सुकलाल याला मारवाडातल्या रेतीतून बुऱ्हाणपूरला परत आणायचं, असं लोधीपुऱ्याच्या यात्रा मंडळानं एकमतानं ठरवलं. आता हे अजून ठरलंच नाही असं धरून चला. कारण गोदाबाई बैठकीला आली तेव्हा असलं काही ठरायचं चिन्हसुद्धा नव्हतं. तिथं केळीच्या पानांचा विषय चालू होता आणि तो संपायचं नाव घेत नव्हता.

बैठक मोतीलाल शेटच्या मागांच्या शेडमध्ये होती. रविवार म्हणून माग बंद होते. बायका एका अंगाला पोत्यांवर बसल्या होत्या. गोदाबाई नणंदेशेजारी, कोकिळाशेजारी जाऊन टेकली. घरून निघताना तिनं एक वाक्य मनात बांधून घेतलं होतं: "त्यांची राख आणून तापीत सोडायची हाये." ते सांडू नये म्हणून वाटेत ती कोणाशी बोललीसुद्धा नव्हती.

विषय होता मारवाडातल्या रेतवाली मातेच्या जत्रेतला मुक्काम. माघात भरणारी ही जत्रा गावाला नवी नव्हती. बुऱ्हाणपूरचं पागोट्याचं कापड तिकडे चांगलं खपायचं, म्हणून लोधीपुऱ्यातली माणसं देवीला हात जोडायला आणि गठ्ठे विकायला बापजाद्यांपासून जात होती. देवीचा दंडक एकच. जत्रा उलगली की रेती अशी दिसली पाहिजे, जणू तिथं कोणी आलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी सूर्य बुडायच्या आत सगळं उचलायचं, आणि निघताना शेवटच्या माणसानं खराट्यानं सगळ्यांची पावलं झाडत उलटं चालत बाहेर पडायचं. पूर्वी रियासतीचे सांडणीस्वार उंटावर बसून हे तपासत. मग देश स्वतंत्र झाला, राजानं सही केली, रियासत राजस्थानात विलीन झाली आणि त्या गडबडीत जत्रा बंद पडली. ती आता पुन्हा उघडली होती. देवीचा दंडक नव्या सरकारनं आपला नियम म्हणून छापून पाठवला होता. देवीला जे एका वाक्यात जमलं होतं त्याला सरकारला चार पानं लागली होती. मतलब एवढाच, की नेलेलं सगळं परत न्या आणि तिथलं काही उचलू नका.

"शेट, पानं वाटेतच वाळून फुटतील," मंडळाचे चिटणीस प्रभाकर मास्तर सांगत होते. "थाळ्या नेऊ."

"थाळ्या? मास्तर, बुऱ्हाणपूरचा माणूस परमुलखात जाऊन थाळीत जेवला, तर केळीवाल्यांना तोंड काय दाखवू? शहापूरचा लोटू पानं फुकट देतोय."

"उष्टी पानं परत आणायची आहेत. आगगाडीतून."

"आणू ना. आणून गाईला घालू."

"इतक्या दिवसांची शिळी पानं कोणती गाय खाईल?"

"लोटूची खाईल. तिला सवय आहे."

गोदाबाईनं तोंड उघडलं, तोवर विषय कडूनानांच्या तंबाखूवर गेला होता. कडूनाना म्हातारे विणकर. तंबाखू सोडायला ते तयार नव्हते आणि पिचकारी तर रेतीत चालणार नव्हती. शेवटी त्यांनी गळ्यात डबडं बांधून हिंडायचं आणि ते डबडं बुऱ्हाणपुरात येऊनच रिकामं करायचं, असं ठरलं.

"मंग मले देवीपुढं कोण उभं करंल?" नाना म्हणाले.

"देवीनं तुम्हाला डबड्याशिवाय पाहिलंय, आता डबड्यासकट पाहील," कोकिळा म्हणाली. बायका पदरात हसल्या.

त्यानंतर सकाळच्या विधींचा विषय निघाला. त्यावर सगळे एकदमच बोलू लागले. तीन दिवस उपास करावा, अशी सूचना शेटनी मांडली. शेट स्वतः येणार नव्हते.

गोदाबाई ऐकत होती. स्वयंपाकाला येते म्हणून तिनं आपलं नाव आधीच दिलं होतं. चाळीस माणसांच्या पुऱ्या लाटायची हौस तिला नव्हती. पण बाईमाणसाला त्या रेतीपर्यंत जायला दुसरी वाट कुठली?

स्वातंत्र्याच्या आधीच्या माघात सुकलाल असाच गठ्ठे घेऊन गेला होता. जत्रेच्या शेवटच्या दिवशी सकाळी तापानं गेला. बरोबरच्यांनी स्वयंपाकाचं उरलेलं जळण आणि उंटगाडीच्या फळ्या काढून त्याला तिथंच अग्नी दिला. संध्याकाळ झाली, चितेला हात लावता येईना, आणि स्वार तर येऊन उभे राहिले. सगळ्यांनी तिच्यावर रेती लोटली आणि ते निघाले. देवीचा दंडक मोडला नाही. सुकलालचा तांब्या परत आला, घोंगडी आली, चिलीम आली, न खपलेलं कापड घडी न मोडता आलं. गोदाबाईनं एकेक जिन्नस दारात उतरवून घेतला, आणि टांग्यात अजून काही राहिलंय का म्हणून वाकून पाहिलं.

तापी घरापासून हाकेच्या अंतरावर. गल्लीतल्या सगळ्यांची राख तिच्यात गेली होती. सुकलालची तेवढी राहिली होती.

"आता चुली," मास्तर म्हणाले. "चुलीचे दगड नेऊ, परत आणू. राखेचं काय?"

"राख रेतीत मिसळली तं कोणाले कळतं?" एक जण म्हणाला.

"नियम सगळ्याला आहे. राखही आपल्याच लाकडाची. पोत्यात भरायची आणि परत आणायची."

"मंग त्यांचीबी आणा," गोदाबाई म्हणाली.

बांधून आणलेलं वाक्य हे नव्हतं. ते कुठल्या कुठं गेलं आणि हेच तोंडून निघालं.

प्रभाकर मास्तर या गावात नवे होते. त्यांनी मान वर केली. "कोणाची, बाई?"

गोदाबाई खाली बघत राहिली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, ते आता चाळीस माणसांत कसं घेणार? कोकिळा उठून उभी राहिली.

"सुकलालची. माह्या भावाची."

मास्तरांना हळूहळू सगळं सांगण्यात आलं. ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मोतीलाल शेट मऊ आवाजात म्हणाले, "गोदावहिनी, नियम सामानाचा आहे. सुकलाल काय सामान होता का?"

"जाताना तिकीट फाडलं होतं त्यांचं," गोदाबाई म्हणाली. "परतीचं बी."

"पण वहिनी, दुसरा नियम बी आहे ना. तिथलं काही उचलायचं नाही. इतकी वर्षं झाली. आता तो तिथलाच झाला."

"असा कसा झाला?" कोकिळा कडाडली. "आपण इंग्रजांच्या राज्यात सी.पी.वाले होतो, बसल्या जागी मध्य प्रदेशवाले झालो. तुमची शेड हलली का, शेट? नाय ना? तिकडच्या राजानं सही केली म्हणून माहा भाऊ बी राजस्थानात विलीन झाला का? त्याले कोणी पुसलं?"

शेटनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी सरकारची चार पानं उलटसुलट करून पाहिली; त्यांत असलं काही नव्हतं. मग ते उभे राहिले आणि वर्गात शुद्धलेखन घालावं तसे सावकाश म्हणाले, "बुऱ्हाणपूरहून जे गेलं ते बुऱ्हाणपूरला परत यावं. हा नियम मागच्या मुक्कामालाही लागू होता. तो मुक्काम अजून पुरता उचलला गेलेला नाही. सुकलाल यांना परत आणण्याच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. उपासाची सूचना मांडणाऱ्या शेटचाही गेला. कडूनानांचा हात सगळ्यात शेवटी वर गेला आणि खाली येईना.

"नाना, मत मोजलं. हात घ्या खाली."

"मत नाय, मास्तर. मले बोलायचं हाये."

"बोला."

नानांनी हात खाली घेतला. "त्या साली खराटा माह्या हातात होता. शेवटचा माणूस मी. सुकलालवरची रेती म्याच सारखी केली. स्वार उंटावरून उतरला, वाकून पाहिलं, अन् म्हणला, शाबास." नाना गोदाबाईकडे वळले. "जागा सापडायची नाय, गोदा. म्या लई चांगली झाडली व्हती."

"एखादी खूण? झाड, दगड?" मास्तरांनी विचारलं.

"खूण ठेवायचीच तं मनाई व्हती. झाड एक व्हतं दूर. पण तिथं रेती बसून राहत नाय, मास्तर. वारा आला का टेकाड इकडचं तिकडं जातं. आम्ही रातच्याला एका टेकाडाच्या आडोशाले निजलो, अन् सकाळी आडोसाच नव्हता."

गोदाबाईनं नानांकडे पाहिलं. रागावावं असं काही तिला सापडेना. त्यांनी सांगितलेलं काम केलं होतं, आणि नीट केलं होतं.

"एक काम करू," मोतीलाल शेट म्हणाले. "कुठलीबी मूठभर रेती आणू. मनात भाव ठेवून तापीत सोडू. देव भावाचा भुकेला, वहिनी."

गोदाबाईनं विचार केला. खरंच केला, तिच्या ओठांवरून तो चालताना दिसत होता. मग ती म्हणाली, "अन् ती दुसऱ्या कोणाची निघाली तं?"

"मतलब?"

"तिथं काय एकटे हेच गेले असतील? कोणाचा माणूस उचलून आणला, अन् त्याची बायको शोधत आली, तं तिनं कुठं पाहायचं?"

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज पार पुलाकडे जाईपर्यंत ऐकू येत होता.

मास्तर खाली बसले आणि त्यांनी एक कोरा कागद पुढ्यात ओढला. रेतीला हात लावायचा तर तिकडच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागणारच होती. अर्ज करावाच लागणार होता. "गोदाबाई, काय मागू?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज चिटणिसाचा राहिला नव्हता.

"खणायची परवानगी मागा," शेट म्हणाले.

"कुठं खणायचं, शेट?" कोकिळा म्हणाली.

गोदाबाईनं पदर नीट केला. सरकारपुढं जायचं तर नीट दिसावं, असं तिला वाटलं असेल. "लिवा, मास्तर," ती म्हणाली. "का तवापासून जो वारा आला, त्याले मागं बोलवा. रेती व्हती तशी झाली का नाना जागा दाखवतील. आम्ही त्यांना घिऊ, तिथलं काही घेणार नाय, अन् येताना झाडून येऊ."

शेट काही बोलणार होते. मास्तरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग टाक बुडवून ते लिहू लागले. कोणी हसलं नाही. कडूनाना दोन्ही हात मांडीवर ठेवून, तंबाखूशिवाय, अर्ज पुरा होईपर्यंत बसून राहिले. अर्ज हिंदीत गेला. मराठीत तो असा होता:

"मेहेरबान जत्रा अधिकारी साहेब यांचे सेवेशी. अर्जदार श्रीमती गोदाबाई, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश, यांचे पती सुकलाल हे स्वातंत्र्यापूर्वीच्या माघातील जत्रेस गेले असता मयत होऊन सदर रेतीत राहिले आहेत. मुक्कामाचे सर्व सामान परत नेण्याच्या आपल्या नियमाचे पालन करण्यास मंडळ बांधील व राजी आहे. परंतु मध्यंतरी झालेल्या वाऱ्यामुळे जागेची ओळख पटत नाही. सबब विनंती, की विलीनीकरणानंतर जुन्या दरबारचे हुकूम जसे रद्द करण्यात आले, त्याचप्रमाणे उपरोक्त माघापासून आजतागायत सदर रेतीवरून वाहिलेले सर्व वारे रद्द करण्यात यावेत, व रेती तत्पूर्वीच्या जागी ठेवून तसे मंडळास जत्रेपूर्वी कळवण्याची कृपा व्हावी."