भिंतीवर चंद्रभागा

द्वारकेच्या भिंतींवर बाया पुष्कळ, पण तोंड एकीलाही नाही. कुणी डोक्यावर पाटी घेऊन पाठमोरी चाललेली, कुणी वाकून दगड वेचणारी, कुणी पदराआड. गेवराईकडच्या एका शाळेच्या कुंपणभिंतीपासून तिनं सुरुवात केली. मग औरंगाबादला शिकली, बडोद्याला शिकली, कोचीच्या गोदामांवर चित्रं काढली, परदेशातल्या बंदरांवरही काढली. एका प्रदर्शनात तिनं ऊसतोड बायांची जुनी लुगडी छताला टांगली आणि खाली पंखे लावले. अंगं नसलेली लुगडी दिवसभर हलत राहिली. बघायला आलेली माणसं हळू आवाजात बोलू लागली.

जाणकारांनी मोठमोठे लेख लिहिले. या बायांनी जगाकडे पाठ फिरवली आहे, असं काहीबाही. द्वारका मान डोलवी. खरं कारण एवढंच, की बाई काढायला घेतली की तिचा हात आईकडे वळे, आणि आईचं तोंड तिला ठाऊक नव्हतं.

आई, चंद्रभागा, बहात्तरच्या दुष्काळात गावच्या पाझर तलावाच्या कामावर गेली ती परत आली नाही. मुरमाची दरड अंगावर आली. द्वारका तेव्हा रांगती होती. फोटो नव्हता, त्या काळी खेड्यात कुणाचा असायचा?

आता तोच तलाव पुन्हा आटला होता. तळाच्या गाळाला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. गावात टँकर यायचा, जनावरं छावणीला गेली होती. तलावाच्या कामावर एकत्र आलेल्या माणसांनीच पुढं दूध संस्था उभी केली होती. तिला चाळीस वर्षं होत होती, म्हणून संस्थेच्या मोठ्या भिंतीवर त्या कामावरच्या बाया काढायच्या ठरल्या. चेअरमन उत्तरेश्वर यांनीच द्वारकेला फोन केला.

"ताई, भिंत तुमची, रंग तुमचा. फकस्त एक करा, बायांची तोंडं हिकडं करा. लोकं म्हणत्यात, चेरमन, आमी दूध घालायचं आन बायांनी आमाला पाठ दावायची का?"

द्वारका हसली. पण फोन ठेवल्यावर तिला कळलं, की आता पळायला जागा नाही. आईला ओळखणारी माणसं एकेक करून चालली होती. आत्ता नाही काढली, तर आई कायमची बिनतोंडाची राहणार.

गावी येऊन ती घरातल्या आपल्या जुन्या खोलीत उतरली आणि म्हाताऱ्यांना विचारत सुटली. एकजण म्हणाली, तोंड गोल होतं. दुसरी म्हणाली, छे, लांबट. तिसरीनं द्वारकेचीच हनुवटी धरली, "ह्येच की गं!" म्हणून द्वारकेनं स्वतःचंच तोंड काढून पाहिलं. आरशात पाहिल्यासारखं झालं. पुसून टाकलं.

उरला सवतीचा टाक. पहिली बायको गेल्यावर दुसरीनं घरात यायचं, तर पहिलीच्या तोंडाचा ठसा असलेला चांदीचा एवढासा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. द्वारकेची सावत्र आई छबुबाई लग्नाच्या दिवसापासून तो घालत आली होती. रोज अंघोळ झाली की टाकाला पाणी, दुधाचा थेंब, कुंकू. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. "आधी थोरलीला," म्हणायची. द्वारका तिला मावशी म्हणे.

"मावशे, टाक दे बघू जरा."

छबुबाईनं दोरा मानेतून काढून दिला. द्वारकेनं भिंग लावलं. टाक तांदळाच्या दाण्यासारखा गुळगुळीत.

"झिजली ती. घासून घासून मीच झिजवली," छबुबाई चुलीपुढून म्हणाली. "आन तोंड होतं तवाबी ते तिचं न्हवतं. सोनार सगळ्या मयत बायांला एकच ठसा मारायचा."

"मग रोज कुंकू कुणाला लावतेस?"

"तिला."

"तू तिला कधी पाहिलीच नाहीस, मावशे."

छबुबाईची फुंकणी थांबली. "पाहिली न्हाई असं कवा म्हनले मी?"

भर दुपार होती. पत्रा तापून तडतडत होता. छबुबाई बोलली ती खाली बघूनच, जपाच्या आवाजात.

"तळ्यात पाणी असलं की तिकडंच ऱ्हाती. तळं आटलं की घरी येती. दाराच्या आतल्या अंगाला बसती, भुईवर हात फिरवती. सारवण बरं झालंय का बघत असंल."

"बोलते?"

"न्हाई. ऐकती. तुजे आप्पा गेले, तू तिकडं दूर. घरात माजं ऐकणारं दुसरं कोन हाय?" तिनं पदर नाकाशी धरला. "मी सोमवार धरते, चतुर्थी धरते, लिंबागणेशाला अनवाणी जाते. पर देवाला पाऊस कदी मागितला न्हाई बघ. सारं गाव मागतं, मी तोंड मिटून बसते. लई पाप हाय ते."

दाराच्या आतल्या अंगाची भुई तिनं पाहिली. बाकी घरापेक्षा तेवढीच जागा गुळगुळीत होती.

"कशी दिसते गं ती?"

"न्हाई सांगणार. सांगितलं की जाईल."

"का गं?"

"आजवर कुणी बघितली न्हाई, म्हणून माज्यापाशी टिकली. भिंतीवर बसली की साऱ्या गावाची झाली."

द्वारकेनं पुन्हा विचारलं नाही. कसं विचारणार? तिला आई मिळायची, तर मावशीचं घर रिकामं व्हायचं.

काम सुरू झालं. आजूबाजूच्या बायांना तिनं गावातल्या जित्या बायांची तोंडं दिली. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या बाया भिंतीपुढं उभ्या राहून एकमेकींना चिमटे काढीत. "गं बया, तुजं नाक तर निम्मंच काढलंय!" "मग? खरं काढलं असतं तर भिंत पुरली नसती." मधली बाई, चंद्रभागा, मात्र तोंडापुरती तशीच पांढरी राहिली. तिच्यापुढं कुणी थट्टा करीना. येणारी जाणारी जरा अंग चोरूनच पुढं जायची.

उत्तरेश्वर म्हणाले, "ताई, येवढं एक तोंड ऱ्हायलंय. पाव्हणे यायचेत. कुणाचंबी काढा की."

"कुणाचंही नाही जमायचं, चेअरमन."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर छबुबाई भिंतीशी आली. डोक्यावर गोणपाट घेतलं होतं. उपास होता; ओठ सुकलेले. रिकाम्या कॅनच्या सावलीला टेकली आणि बराच वेळ पांढऱ्या जागेकडं बघत राहिली.

"काल ती आली आन दारात बसलीच न्हाई," ती म्हणाली. "तुज्या खोलीच्या उंबऱ्यापाशी उभी ऱ्हायली. तू निजली व्हतीस. लई वेळ बघत व्हती. माज्याकडं वळून बी बघितलं न्हाई तिनं." तिनं गोणपाट कपाळावर ओढलं. "चाळीस वर्सं मला वाटायचं, माज्यासाठी येती. ती तुला बघायला येत असंल गं. आन तळं आटलं तवा तू कदी घरात न्हवतीस."

द्वारका परांचीवरून खाली उतरायला गेली, तर छबुबाईनं हातानंच थांबवलं. "उतरू नगस. घे ब्रश. कपाळ लहान हाय. आणखी लहान. डावी भुवई मधी तुटलीय, तितं केस न्हाईत. हां. गालाचं हाड वर घे."

ती सांगत गेली, द्वारका काढत गेली. हात आपला नाही असं वाटत होतं. ऊन कलेपर्यंत डोळ्यांवाचून सगळं तोंड भिंतीवर आलं.

दुधाची वेळ झाली तशी गीताबाई काठी टेकत आली. ती चंद्रभागेच्या जोडीनं पाट्या वाहिलेली, आणि तोंड गोल होतं म्हणून सांगणारी हीच. भिंतीपुढं आली आणि तिनं पटकन डोक्यावर पदर ओढला.

"चंद्रे," ती म्हणाली, "कवा आलीस?"

गीताबाईनं काठीचं टोक भुवईकडं केलं. "पाखरं राखताना गोफणीचा खडा लागलता तिला हितं. तवा आमी माहेरी परकऱ्या पोरी. मी तर पार इसरून गेलते. तुला कुनी सांगितलं गं?"

द्वारकेनं छबुबाईकडं पाहिलं. छबुबाई माळ ओढत होती, डोळे मिटून.

गीताबाई गेली. आता डोळेच काढायचे राहिले होते. द्वारकेनं बारीक ब्रश घेतला. "मावशे, कुणीकडं बघायला लावू? तळ्याकडं?"

"तळ्याकडं नगं. लई बघितलं तिनं ते."

"मग घराकडं?"

छबुबाईनं मान वळवली. घर तिथून दिसत होतं, आणि दारातली सावलीही.

"घराकडं बी नगं," ती शेवटी म्हणाली. "दूध घालायला येणाऱ्या बायांकडं बघू दे तिला. माणसात ऱ्हाईल."

द्वारकेनं भिंतीवरचे डोळे उघडले. आधी डावा, मग उजवा. वाऱ्याची एक झळ आली आणि कॅनची झाकणं खुळखुळली. आईनं पहिल्यांदाच समोर पाहिलं. द्वारकेच्या खांद्यावरून पलीकडं, रस्त्यानं कॅन घेऊन येणाऱ्या बायांकडं.

छबुबाई गुडघ्यावर हात रोवून उठली. गोणपाट डोक्यावर घेतलं, दोन पावलं टाकली आणि नेहमीच्या सवयीनं मागं न बघताच म्हणाली, "चल गं घरी."

म्हणाली आणि जागीच थबकली. कुणाला म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं असावं. तिचा हात गळ्यातल्या टाकाशी गेला.

ते आपल्याला म्हटलेलं नाही, हे द्वारकेला माहीत होतं. तिनं ब्रश पाण्यात टाकला.

"आले, मावशे," म्हणत ती खाली उतरली.