समजूतदार थोरली आणि परदेशातलं सेमिस्टर

त्या मंगळवारी थोरलीने एका आजीबाईंच्या कवळीत सुळा उलटा बसवला. सहा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

कवळ्या बनवायचा तो कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक भट्टी, पॉलिशची दोन यंत्रं आणि टेबलावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. थोरलीचा हात असा, की ती मेणात दात रोवायला बसली की शेजारचे दात आपणहून सरकून जागा करून देतात, असं मालकीणबाई गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत. एका गायकाने तिच्या हातची कवळी घातली आणि त्याचा दहा वर्षं हरवलेला वरचा सूर जिना चढून घरी परत आला, असंही सांगत. यातलं निम्मं सोडून दिलं तरी उलटा सुळा ही आक्रीतच गोष्ट होती.

"लक्ष कुठंय गं तुझं?" मालकीणबाई म्हणाल्या. "या आजी आता स्वतःचाच ओठ चावत बसतील की!"

"भाऊ परदेशात शिकायला चाललाय."

"मग आनंदाचीच बातमी! पेढे नाहीत तर निदान हसून तरी सांग."

"आनंदच झालाय," थोरली म्हणाली. आणि हातातली सुरी दिव्यावर न धरताच तिच्या टोकाखालचं मेण पाघळलं.

मालकीणबाईंनी ते पाहिलं आणि दिवा विझवून टाकला. उगाच तेल कशाला जाळा!

दातांच्या रंगाची एक पट्टी असते. शुभ्र ते पिवळट अशा सोळा छटा. मत्सराची तशी पट्टी असती, तर थोरलीसाठी सतरावी छटा नव्याने पाडून घ्यावी लागली असती. पण ती जळत होती ती विमानावर नाही, की बर्फावरही नाही. धाकट्या सोन्याने तो अर्ज वाचलासुद्धा नव्हता, यावर ती जळत होती.

विद्यापीठाची योजना साधी होती. मटेरियल सायन्सच्या विद्यार्थ्यांपैकी एकाला एक सेमिस्टर परदेशातल्या विद्यापीठात शिकायला मिळणार. तिथली सिरॅमिकची प्रयोगशाळा जगात नावाजलेली. निम्मा खर्च विद्यापीठ उचलणार, निम्मा घरच्यांनी भरायचा. सोन्या दिवसाच्या वर्गात होता. थोरली त्याच विषयाच्या संध्याकाळच्या वर्गात, तिसऱ्या वर्षाला, ओव्हरटाइमच्या पैशातून फी भरणारी. सोन्याने अर्ज तिच्या पुढ्यात टाकला होता. "ताई, एवढं भरून दे ना. तुझं अक्षर चांगलंय."

तिने भरला. 'मला तिथे का शिकायचे आहे' हा निबंधही तिनेच लिहिला, तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून. खरं म्हणजे तिला चार वाक्यं खरडायची होती. पण पेन कागदाला टेकलं आणि सहा वर्षांचं तुंबलेलं पाणी सुटावं तसं झालं. रोज हजार वेळा चावणारं, उकळता चहा आणि गार पाणी एकाच मिनिटात सोसणारं, तरी न तडकणारं सिरॅमिक कसं बनतं? पुढचा दात तुटला म्हणून दोन वर्षं तोंडावर हात धरून बोलणारे एक वॉचमनकाका, त्यांच्या खिशाला परवडेल असा दात का बनत नाही? तिने सगळं लिहिलं. खाली सोन्याचं नाव घातलं. आणि सोन्याला मुलाखतीचं बोलावणं आलं.

घरात तर त्या बोलावण्याआधीच बॅग आली होती. चार चाकांची, निळी, एवढी मोठी की तीत सोन्या आणि त्याचे दोन मित्र उभ्याने मावले असते. ती ठेवायला जागा नव्हती, म्हणून थोरलीचं घडीचं टेबल बाल्कनीत गेलं. ती आता कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसून अभ्यास करायची, आणि पाण्याचे थेंब तिच्या वहीतल्या समीकरणांवर पडायचे.

"तो जाईपर्यंत चार महिन्यांचाच प्रश्न आहे," आई म्हणाली होती. "तू समजूतदार आहेस."

या घराने एवढ्या एका शब्दावर केवढा संसार चालवला होता! थोरलीला अठराव्या वर्षी दिवसाच्या वर्गात प्रवेश मिळाला, त्याच वर्षी सोन्याचा खासगी क्लास लागला. "तू समजूतदार आहेस." सोन्याला स्कूटर आली, तेव्हा ती दोन बस बदलून कामाला जायची. "तिचं काय, ती समजूतदार आहे." कुणी कधी आवाज चढवला नाही, कुणी हात उगारला नाही. प्रेमाने पाठीवरून हात फिरवायचे, आणि हात फिरता फिरता खिसा रिकामा व्हायचा. तिचा पगार तिच्या आणि आईच्या अशा दोघींच्या खात्यात जमा होई. दोघींच्या सह्या असल्याशिवाय पैसा हलत नसे. 'तुझ्या पुढच्या आयुष्यासाठी,' असं खातं उघडताना ठरलं होतं. आता त्यातूनच सोन्याचा निम्मा खर्च निघणार होता, आणि हे ठरवताना पुढचं आयुष्य असलेल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं.

बुधवारी दुपारी मुलाखत होती, व्हिडिओवर. थोरलीने अर्धी रजा घेतली, कारण लॅपटॉप चालू कसा करायचा हे घरात तिलाच ठाऊक. मामाही आले. मामा म्हणजे परदेशावरचा घरातला शेवटचा शब्द. तीस वर्षांपूर्वी ते एका परक्या विमानतळावर अकरा तास बसले होते, आणि त्या अकरा तासांवर त्यांनी तीस वर्षं भाषणं केली होती.

"थंडी म्हणजे काय, विचारू नकोस," मामा सोन्याला सांगत होते. "मी जांभई दिली, ती हवेतच गोठली आणि खण्णकन फरशीवर पडली. झाडूवाला आला, त्याने सुपलीत भरून नेली."

"मामा, विमानतळाच्या आत?" थोरलीने विचारलं.

"आतच! बाहेर असतो तर मीच सुपलीतून गेलो असतो."

बाबा कोपऱ्यात बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करत. घरात काही ताणाचं घडू लागलं की डोळ्याला भिंग लावून एखादं घड्याळ उघडायचे. त्यांच्या घरातल्या कटकटींमुळे आख्ख्या गल्लीची घड्याळं सेकंदाला सेकंद बरोबर चालत.

पडद्यावर विद्यापीठाच्या परदेश विभागाच्या बाई आल्या. हसऱ्या होत्या. त्यांच्या हातात निबंध होता.

"फार सुंदर लिहिलंय तुम्ही. मी दोनदा वाचलं. ते वॉचमनकाका, त्यांचा कोणता दात तुटला होता?"

सोन्याने छताकडे पाहिलं. "शेवटचा."

"शेवटचा? मग ते तोंडावर हात का धरायचे?"

"म्हणजे... सवय असते एकेकाला."

"आणि भट्टीतून काढल्यावर दाताला बारीक तडा जातो म्हणता. तो का जातो, असं तुम्हाला वाटतं?"

"क्वालिटी," सोन्या म्हणाला. "हल्ली कशालाच क्वालिटी राहिली नाही."

मामांनी मान डोलावली. थोरली पडद्याच्या आड, खाली जमिनीवर चार्जरची वायर धरून बसली होती. तिने ओठ घट्ट मिटले. मिटूनही उपयोग झाला नाही.

"एकदम गार केल्यामुळे!" ती ओरडली. "आतलं आणि बाहेरचं सारखं आकसत नाही म्हणून! आणि पुढचा दात होता, वरचा, डावीकडचा!"

बाबांच्या चिमट्यातला स्क्रू उडाला. बाईंनी शांतपणे विचारलं, "हे कोण बोललं?"

मग काय लपणार होतं? थोरली वायर हातात धरूनच पडद्यासमोर आली. बाई रागावल्या नाहीत, पण बधल्याही नाहीत. दुसऱ्याने लिहिलेला निबंध बाद. सोन्याने शुक्रवारी पाचपर्यंत स्वतःचा लिहून द्यावा, तर अर्ज राहील.

"आणि तुम्ही काय करता?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"कवळ्या बनवते. आणि तुमच्याच इथे, संध्याकाळच्या वर्गात, तिसऱ्या वर्षाला."

"मग तुम्ही का नाही अर्ज केलात? संध्याकाळचे विद्यार्थी पात्र आहेत. पहिल्याच पानावर लिहिलंय. अर्ज शुक्रवारी पाचपर्यंत घेतोय आम्ही."

थोरलीने ते पहिलं पान अकरा वेळा वाचलं होतं. ती ओळ तिथेच होती. दुसऱ्याच्या घराचं दार उघडं दिसलं की भलं माणूस जशी नजर वळवून पुढे जातं, तशी ती अकराही वेळा त्या ओळीवरून पुढे गेली होती.

पडदा काळा झाला. मग आईने थोरलीच्या पाठीवर हात ठेवला.

"झालं ते झालं. तू परत लिहून दे त्याला. फक्त या वेळी जरा... साधं लिही. त्याचं वाटेल असं."

"म्हणजे कमी चांगलं?"

"तसं नाही गं..."

"किती कमी आई? ते सांग. दोन चुका घालू, की चार?"

"ताई, चिडतेस कशाला?" सोन्या म्हणाला. "तुला तर येतंच ते. तू जाऊन करणार काय?"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. पहिल्यांदाच नीट.

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "मी माझा अर्ज भरणार आहे. आणि खात्यातून याच्यासाठी पैसे काढायला सही करणार नाही."

आईने हात काढून घेतला. "सख्ख्या भावावर जळतेस?"

"हो, जळते," थोरली म्हणाली. "स्कूटर आली तेव्हा जळले. क्लास लागला तेव्हा जळले. त्याची बॅग बघून जळते, तिला चाकं आहेत म्हणूनसुद्धा जळते. मला वाटायचं मीच वाईट आहे. आज कळलं, माझीच वस्तू कुणी नेत असेल तर जळणारच ना माणूस?"

"बघा भावजी," मामा म्हणाले, "पोरींना पगार मिळायला लागला की हे असं..."

"मग सही मीही करणार नाही!" आई एकदम किंचाळली. "बघू कशी जातेस! मला कुणी विचारलं होतं? लग्नाआधी नर्सिंगला नंबर लागला होता माझा. फीचे पैसे तयार होते. ते घरच्यांनी याला दिले, याला!" तिचं बोट मामांकडे गेलं. "परदेशात कोर्स करायचा होता ना याला. मध्ये विमान बदलायचं होतं, अकरा तास घाबरून बसला आणि पुढे जायच्या ऐवजी परतीचं विमान पकडून आला! माझं नर्सिंग त्या अकरा तासांत संपलं. मी बसले की नाही गप्प? मग तुलाच काय झालंय गप्प बसायला?"

बोलून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. मामांनी चहाच्या रिकाम्या कपातून एक मोठा घोट घेतला. बाबांनी भिंग काढलं. भिंगामागचा डोळा ओला होता.

"मला हे माहीत नव्हतं," ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही घड्याळं बघत होतात," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

गुरुवारी त्या घरात दोन अर्ज तयार होत होते. सोन्या सव्वा पान निबंध लिहून बसला होता, खोडाखोडीसकट स्वतःचा. थोरलीने आपला अर्ज भरला, पण सोबत घरच्या निम्म्या वाट्याचे पैसे भरल्याची पावती जोडायची होती, आणि त्यासाठी बँकेत दुसरी सही लागत होती. मालकीणबाईंनी सहा महिन्यांची रजा कबूल केली, म्हणाल्या, "जा तू. दात कुठं पळून जातात?" पण सहीचं त्यांच्याही हातात नव्हतं.

शुक्रवारी दुपारी कारखान्याचं दार उघडलं आणि आई आत आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती स्टुलावर बसली आणि मुलीचे हात पाहत राहिली. थोरली मेणात दात बसवत होती. जरा मागे, जरा आत, पुन्हा जरा मागे, आणि बघता बघता त्या मेणातून कुणाचं तरी हसू वर यायला लागलं.

"हे तू करतेस?" आईने विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज चार."

आईने टेबलावरचा एक जबडा उचलून उजेडात धरला. मग तिने पदराने नाक पुसलं. "काढ तो बँकेचा कागद."

थोरली नुसती बघत राहिली.

"बघतेस काय? मला अजून तुझा हेवा वाटतोय. खोटं कशाला बोलू, पोटात आग पडलीय नुसती. ती परत डोक्यात चढायच्या आत सही घे." तिने पेन उचललं, दाबून सही केली, इतकी दाबून की खालच्या टेबलावरही तिचं नाव उमटलं. "चल, बँक तीनला बंद होते."

त्या दोघी रस्त्याने अशा पळाल्या की चौकातल्या सिग्नलने घाबरून आपला लाल दिवा हिरवा केला. पाचला दहा मिनिटं कमी असताना अर्ज विद्यापीठाच्या खिडकीत पोचला. महिन्याभराने निवड झाली ती थोरलीची. सोन्याला विद्यापीठाच्या बाईंनी सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, आणि खर्चाचा आपला निम्मा वाटा स्वतः कमवायला आजपासून लागा. तो तीन दिवस फुगून बसला. चौथ्या दिवशी मालकीणबाईंकडे प्लास्टर कालवायचं काम आहे का, हे विचारायला गेला. ताईविषयी त्याच्या पोटात काय चाललं होतं ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि थोरलीला ते पाहून जरा बरंही वाटलं. ती काही देवी नव्हती.

या गोष्टीत दोन-चार ठिकाणी तिखटमीठ पडलं असेल. जांभईचं तर नक्कीच खोटं. पण समजूतदार मुलीचा पगार, तिचं टेबल, तिचा नंबर प्रेमाने काढून घेणारी घरं खोटी नाहीत. तशा मुलीला शहाणी म्हणायचं, आणि तिने एकदा आपलं मागितलं की मत्सरी म्हणायचं, हा अन्याय आपण इतका गोड आवाजात करतो की तो कुणाला ऐकू येत नाही. आपल्या घरात अशी कुणी असेल तर आज तिला एवढंच विचारा, तुला काय हवंय? आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठून जाऊ नका. तिला हा प्रश्न नवीन असतो.