कानांत दडे बसले तेव्हा

टिल्ली हे नाव तिला उंचीवरून पडलेलं. विद्यापीठात ती कानांची तपासणी आणि श्रवणयंत्रं यांचं शिक्षण घेत होती, शेवटचं वर्ष. नोकरीसाठी ढीगभर अर्ज पाठवले, पण साधी पोचही कुठून आली नव्हती. अखेर एका श्रवणयंत्र केंद्राने मुलाखतीला बोलावलं, आणि नेमकी त्याच सकाळी ती उठली ती नाक चोंदलेलं, डोळे लाल आणि दोन्ही कानांत दडे बसलेले अशी.

"फोन करून दिवस बदलून घे," थोरली बहीण म्हणाली. दोघी एकाच खोलीत राहायच्या.

"बी जाणार ताई. बुलाखत परत बिळेल का?"

सर्दीने तिच्या 'म'चा पार 'ब' करून टाकला होता. ताईला हसू आलं. तिने वाद घातला नाही. पातेल्यात पाणी उकळलं, टिल्लीच्या डोक्यावर टॉवेल धरून तिला वाफ दिली. 'म' परत आला, कान मात्र तसेच राहिले. कामाला निघता निघता ताईने आपले दोन धुतलेले रुमाल तिच्या पर्समध्ये कोंबले.

केंद्रात टिल्ली मास्क लावून बाकाच्या टोकाला बसली. मधली जागा सोडून पलीकडे एक आजोबा बसले होते. थोड्या वेळाने त्यांनीच काठीने तिच्या बुटाला हलकेच टोचलं.

"पोरी, तुला बोलावतायत. मला ऐकू आलं, तुला नाही?" मग तिच्याकडे बघून ते हळहळले, "एवढ्या लहान वयात?"

"नाही हो आजोबा, नुसती सर्दी आहे," असं म्हणत ती धडपडत आत गेली.

केंद्र चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. बोलणं हळू, मान कागदात. टिल्लीला त्यांचा आवाज उशीखालून आल्यासारखा वाटत होता. ती कान टवकारून एकेक शब्द पकडत होती, सुटलेले अंदाजाने भरत होती.

"कुठं शिकलात?" बाईंनी विचारलं.

टिल्लीचा चेहरा पडला. "बाहेर, मॅडम. दोनदा. पण तोंडावर रुमाल धरला होता."

बाईंनी मान वर केली. क्षणभर त्यांना काही उमगेना. मग त्या अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "शिकलात, शिकलात! शिंकलात नाही!"

टिल्लीने मास्क वर ओढला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मॅडम, मला निम्मं ऐकूच येत नाहीये. मघापासून अंदाजपंचे चाललंय. आणि फार दमायला होतंय." तिने पर्समधून ताईचा रुमाल काढला. "ऐकण्यानं माणूस दमतो हे पुस्तकात वाचलं होतं. ते एवढं असतं हे माहीत नव्हतं."

बाईंचं हसू मावळलं. त्या उठल्या, खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश बोलल्या.

"आमच्याकडं येणारी माणसं घरी रोज असंच करतात. मग घरचे म्हणतात, हल्ली ते चिडचिडे झालेत." त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. "आज तू घरी जाऊन झोप. इथं सगळे म्हातारेकोतारे येतात, त्यांना तुझी सर्दी नको. आठ दिवसांनी ये, तेव्हा बघू."

'तुम्ही'वरून 'तू'वर बाई कधी आल्या, टिल्लीला कळलंच नाही. पण हे 'बघू' म्हणजे गोड शब्दांतला नकारच, असं समजून ती वाटभर रुमालात नाक आणि डोळे आळीपाळीने पुसत राहिली. संध्याकाळी ताईने तिचं पांघरूण नीट केलं आणि बराच वेळ तिच्या कपाळावर हात ठेवून बसली.

आठ दिवसांनी टिल्ली पुन्हा गेली. बाईंनी तिला तासभर प्रश्न विचारले, एका आजींची तपासणी करायला लावली. पूर्णवेळची जागा दुसऱ्या एका अनुभवी उमेदवाराला गेली होती. पण परीक्षा होईपर्यंत आठवड्यातल्या तीन दुपारी टिल्लीने यावं, पुढचं पुढं ठरवू, असं त्या म्हणाल्या.

तिथून ती थेट छापखान्यावर गेली. ताई तिथे पुस्तकांच्या बांधणीचं काम करायची. ती खळीने माखलेले हात तसेच घेऊन दारात आली.

"सांग पटकन."

"पूर्ण नाही गं. अर्धीच मिळाली."

"अर्धी तर अर्धी!" ताई म्हणाली, आणि हात अंगाला लागू नयेत म्हणून नुसत्या कोपरांनीच तिने टिल्लीला घट्ट कवेत घेतलं.