पाटावरची बॅग

विनीतानं नळाला टांगलेली चक्क्याची पुरचुंडी सोडवली आणि तळहातावर तोलून पाहिली.

“अरे यार, इतकासाच? बाकीचं दही काय पाण्यासोबत पळालं?”

“तिघींना तीन-तीन चमचे,” लाटण्यानं वेलदोडे चेचत अबोली म्हणाली. “पुऱ्या जास्त कर. श्रीखंडाचा नुसता वास घ्यायचा.”

निवेदिता हसली, पण हसायलासुद्धा तिचं अंग उचलत नव्हतं. इंदौरच्या स्नेहलतागंजातल्या या दोन खोल्या तिघींच्या, भाडंही तिघींचं. यंदाचा दसरा त्यांनी हात आखडूनच मांडला होता. झेंडूची माळ एकच. निम्मी दाराला, निम्मी पूजेला.

पितृपक्षातच निवेदिताला ऑफिसनं नारळ दिला होता. लॅपटॉप जमा करून घेतला. बॅग तेवढी तिची स्वतःची, म्हणून राहिली. तेव्हापासून रोज सकाळी ती रिकामी बॅग खांद्याला अडकवून निघे, बागेतल्या बाकावर ऊन सरकताना बघे, आणि दिवे लागले की दमून घरी येई. या दोघींना कळलं असतं, तर तिच्या वाटचं भाडं त्यांनी मुकाट भरलं असतं. तेच तिला नको होतं. त्यापेक्षा घरी, परभणीला परत नेणारी गाडी बरी.

विनीतानं पिशवीतून शमीची डहाळी काढली.

“आपटा नाही मिळाला?” निवेदितानं विचारलं.

“आमच्या इंदौरात शमीच चालते, भिया. सोनं ते सोनं. मुफ्तका माल आहे, नखरे नको.”

पाट मांडला. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या विनीतानं आपले ब्रश ठेवले, कपडे शिवणाऱ्या अबोलीनं कात्री. आज कामाच्या वस्तूंची पूजा, आज त्यांना विसावा. उद्यापर्यंत त्या पाटावरून हलायच्या नाहीत.

“निवे, तुझा लॅपटॉप आण ना.”

“बॅगेसकटच ठेव,” निवेदिता पुरी लाटत म्हणाली. “स्क्रीनला कुंकू नको.”

पुरीची कड फाटली.

अबोली उठली. बॅग जड असणार म्हणून तिनं जोर लावून ती खुंटीवरून उचलली, आणि बॅग उडाल्यासारखी तिच्या छातीशी आली. अबोली तशीच उभी राहिली. निवेदितानं मान वर केली नाही. कढईतलं तेल धूर द्यायला लागलं होतं.

“विनीता,” अबोली म्हणाली, “हात लाव गं. जड आहे.”

“एवढीशी बॅग, तिला काय दोन हमाल लागतात?” कुरकुरत विनीता आली. तिनं एक बंद धरला, अबोलीकडं पाहिलं, मग निवेदिताच्या पाठीकडं. आणि तिचाही खांदा कलला.

“बाप रे! पूरा ऑफिसच भरलंय की.”

दोघींनी वाकून, धापा टाकत, बाळाला निजवावं तशी ती पाटावर ठेवली. अबोलीनं कुंकू लावलं. राखलेली झेंडूची फुलं ओंजळीत घेतली आणि सगळी त्या बॅगेवरच वाहिली.

“उद्या उचलायला आपल्या तिघींचे हात लागतील,” ती म्हणाली.

निवेदितानं गॅस बारीक केला. फाटलेल्या पुरीचा गोळा करून पुन्हा लाटायला घेतला.