झोपेतलं आमेन

दातांच्या रंगाच्या कार्डावर सोळा छटा असतात. लोक नेमकी आपल्या वयाला न शोभणारी मागतात.

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नाही.

डायलिसिसचं मशीन एका माणसाला चार तास लागतं. मग पुसायचं, धुवायचं, पुढचा माणूस.

मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात त्या बेटाला चार ओळी आहेत. त्यातल्या दोन वाऱ्यावर.

आमच्या घरात प्रार्थनेत बोललेल्याला उलट उत्तर देत नाहीत.

शेवटचं आधी समजावते. संध्याकाळी जेवणाआधी आम्ही तिघं टेबलाशी बसतो, डोळे मिटतो आणि पाळीपाळीने बोलतो. बोलतो देवाशी, पण ऐकायला बाकीचे दोघं असतातच. आमची सगळी भांडणं अशीच झाली. ‘प्रभू, ज्यांनी बाथरूमचा दिवा दिवसभर जळत ठेवला त्यांना बुद्धी दे.’ ‘प्रभू, जे दिवे तपासत फिरतात त्यांना दुसरं काहीतरी काम दे.’ एकाचं संपलं की दोघांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हटलं की विषय मिटला. आमच्याकडे ती सही आहे.

नवरा कवळ्या करतो. बाहेरच्या खोलीत त्याचं टेबल, मेण तापवायचा दिवा, प्लास्टरची पिंपं आणि फळीवर लोकांचे जबडे ओळीने, प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर. दोन वर्षं त्या फळीवर मिशन मंडळाचं पत्रक टाचलेलं होतं. परदेशात एका बेटावरच्या दवाखान्याला कवळ्या करणारा माणूस हवा आहे. तीन वर्षांसाठी, कुटुंबासह. पत्नी नर्स असल्यास उत्तम.

“मी ‘असल्यास उत्तम’ आहे,” मी म्हणायचे.

“आणि मी?” मुलगी विचारायची. ती तेरा वर्षांची आहे.

“तू ‘कुटुंबासह’.”

आमचं ठरलं होतं की पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं असेल तर तिघांनाही जाणवेल. कुणी कुणाला ओढायचं नाही.

*

रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

“ताई, अभिनंदन. फार मोठा होकार दिलात.”

“कशाला?”

“तुमची विनोदबुद्धी तिथे फार उपयोगी पडेल,” पाळक म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

नवरा पायऱ्यांवर चारजणांच्या घोळक्यात उभा होता. कोणीतरी त्याची पाठ थोपटत होतं. त्याचा उजळलेला चेहरा पाहिला आणि मी तिथे काहीच विचारलं नाही. घरी येऊन मुलीला स्वयंपाकघरात गाठलं.

“गुरुवारी,” ती म्हणाली. “पप्पांनी प्रार्थनेत विचारलं. आम्ही तिघं जाणार असू तर उद्या अर्ज टाकतो, म्हणाले. मग थांबले. आणि तू आमेन म्हणालीस.”

“मी?”

“तुझं तोंड उघडं होतं, आई. तू झोपली होतीस. शांत झालं की तू म्हणतेसच.”

गुरुवार. माझ्या जोडीची नर्स बाळंतपणाच्या रजेवर गेल्यापासून मी सकाळची आणि दुपारची, दोन्ही पाळ्या करत होते. गुरुवार हा तसा बारावा दिवस. टेबलाशी बसले, डोळे मिटले, एवढंच आठवत होतं.

“मग सांगितलं का नाहीस त्यांना?”

“त्यांचा आवाज किती छान झाला होता.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“आमेन. तू म्हणालीस म्हणून.”

*

मंडळाच्या मुलाखतीला दहा दिवस होते. दहा दिवसांत एक माणूस एक वाक्य बोलू शकतो.

सोमवारी डायलिसिसच्या मशीनची नळी निखळली, ते निस्तरून घरी आले ती आडवीच झाले. मंगळवारी तो जबडे घासताना गुणगुणत होता. बुधवारी त्याने त्या बेटाच्या भाषेतले ‘तोंड उघडा’, ‘चावा’, ‘दुखतंय का’ हे तीन शब्दप्रयोग कागदावर लिहून आरशाला लावले. गुरुवारी मी प्रार्थनेतून प्रयत्न केला. ‘प्रभू, काही वेळा माणूस ऐकल्यावाचूनच हो म्हणून बसतो...’

“आमेन,” नवरा मध्येच म्हणाला. “किती खरं आहे.”

मुलीने मला टेबलाखालून पाय मारला. शुक्रवारपासून मी नादच सोडला.

*

मंडळाच्या कचेरीत लांब टेबलामागे तिघं होते. पाळक, एक हिशेबनीस आणि आयुष्यभर परदेशी दवाखान्यांत राबून परतलेल्या एक बाई. पहिला प्रश्न छापीलच होता: पाचारण कधी व कसे जाणवले, प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत सांगावे.

नवरा गुरुवारबद्दल बोलला. “एरवी ही घाईत आमेन म्हणते. त्या दिवशी थांबली. चांगली मिनिटभर थांबली. मला वाटलं, एवढा विचार करून कुणी म्हणतं तेव्हा ते वरूनच येतं.”

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

“मी झोपले होते,” मी म्हणाले.

हिशेबनीस हसला, मग कुणीच हसत नाही हे पाहून कागद चाळू लागला. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“म्हणजे तुमचा नकार धरायचा?”

“नकार द्यायलाही जागं असावं लागतं, बाई. मला महिनाभर झोपू द्या. मग विचारा, खरं काय ते सांगेन.”

“हे कारण आजवर कितीतरी जणांनी मला सांगायला हवं होतं,” बाई म्हणाल्या आणि अर्ज बाजूला ठेवला. “महिना. त्यापुढे जागा थांबणार नाही.”

*

बसथांब्यावर तो माझ्या शेजारी उभा होता. मुलगी आमच्यापासून दोन पावलं लांब, जणू दुसऱ्याच कुटुंबातली.

“दहा दिवस गप्प होतीस.”

“होते.”

“का?”

“तुम्ही गुणगुणत होतात.”

त्याने हातातली फाईल या काखेतून त्या काखेत घेतली. “मीही दमलोय गं. त्याच खुर्चीत बसून, लोकांचे दात घासून. वाटलं, निदान तिथे जाऊन दमू.”

“दमायला एवढ्या लांब?”

तो हसणार होता. बस आली.

त्या संध्याकाळी टेबलाशी त्याची पाळी आली. बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून मी डोळे उघडले. तोही डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होता, मी जागी आहे का ते.

“प्रभू,” तो म्हणाला, “हिला या महिन्यात दिवसाला एकच पाळी मिळू दे.”

“आमेन,” मुलगी म्हणाली. मीही म्हणाले. बेटाचं नाव त्याने घेतलं नाही, मीही नाही.

आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी त्याने याच मंडळाकडे अर्ज केला होता, आणि मंडळाने कळवलं होतं की एकट्या माणसाला पाठवत नाही.